आईच्या पंख्यासाठी बॅटरी: पिंपरी, देहूरोड, चाकण आणि परत

परवा माझ्या भाच्यानं एक फोटो पाठवला. नवी कोरी व्हॅन, आत पलंग, शेगडी, छोटा फ्रीज आणि पलंगाखाली बॅटऱ्यांची रांग. खाली विचारलं होतं, "मामा, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं ना?" या पोरांना वाटतं, त्यांच्या जन्माआधी जगात फक्त बैलगाड्या होत्या. म्हणून हा लेख. ज्यांना गाडीत घर करून फिरायचंय आणि बॅटरी कुठली घ्यावी या काळजीनं झोप लागत नाही, त्यांनी वाचावा. ज्यांना नुसतंच हसायचंय त्यांनीही वाचावा, आमची हरकत नाही.

साल एक्क्याऐंशी. मी पिंपरीच्या एका कंपनीत फिटर होतो. शेजारच्या मशिनवर बबन, चाकणजवळच्या खेड्यातला. घरचा कांदा, घरची गुरं, वर कंपनीची नोकरी. पहाटे वावरात पाणी सोडून यायचा आणि जेवणाच्या सुट्टीत उभ्या उभ्या झोपायचा. आम्ही दोघांनी मिळून देहूरोडच्या एका भंगारवाल्याकडून लष्कराच्या लिलावात निघालेली जुनी अँब्युलन्स घेतली. का घेतली हे विचारू नका. आमच्या बायकांचं विचारून झालंय.

गाडीवरच्या लाल फुलीवर आम्ही दोनदा रंग मारला, तरी ऊन पडलं की ती खालून डोकावायची. म्हणून गाडीचं नाव पडलं 'सिस्टर'. आतल्या स्ट्रेचरवर गाद्या घालून झोपायची सोय केली. रॉकेलचा स्टोव्ह, पाण्याचा कॅन, बायकोच्या जुन्या साडीचे पडदे, एक दिवा आणि ट्रकवाले लावतात तसला छोटा पंखा. दिवा आणि पंख्याला बॅटरी वेगळी ठेवली होती. हे नवशिक्यांनी लक्षात ठेवावं: इंजिनची बॅटरी इंजिनला, घरची बॅटरी घराला. नाहीतर रात्री पंख्याखाली गाढ झोपाल आणि सकाळी गाडी ढकलत घरी याल.

आता पंख्याचं इतकं काय, तर माझी आई. तिला दमा होता. भिंतीला उशी लावून, बसल्या बसल्या झोपायची आणि थंडीतसुद्धा तोंडासमोर पंखा लागायचा. पंखा थांबला की आई जागी व्हायची आणि आई जागी झाली की अख्खी चाळ जागी व्हायची.

या आईचं माझ्याशी एक जुनं भांडण होतं. छप्पन सालच्या दसऱ्याला बाबा धम्मदीक्षा घ्यायला नागपूरला गेले. सगळी आळी गेली. आई राहिली, कारण मी पोटात होतो आणि दिवस भरले होते. बाबा आले आणि पुढं मरेपर्यंत नागपूरचं वर्णन करत राहिले. गर्दी किती, पांढरे कपडे किती, बाबासाहेब कुठं उभे होते. आई ऐकायची आणि शेवटी माझ्याकडं बघून म्हणायची, "तुज्यामुळं राह्यलं माजं." परीक्षेत नापास झालो तरी तेच, पास झालो तरी तेच. माझ्या लग्नात, अक्षता पडल्यावर, नव्या सुनेला पहिलं वाक्य ऐकवलं ते हेच.

त्या वर्षी मी ठरवलं, दसऱ्याला आईला सिस्टरमधून नागपूरला न्यायचं. रेल्वेच्या त्या दिवसांतल्या गर्दीत ती गुदमरली असती. आई हो म्हणाली नाही. कारण पावसाळ्याआधी आम्ही तिला भंडारदऱ्याला नेलं होतं आणि तिथं पहाटेच्या आधीच पंखा बंद पडला होता. मी हसतखेळत लिहितोय खरं, पण त्या दिवशी उजाडेपर्यंत गाडीच्या मागच्या दारात तिचा हात धरून बसलो होतो आणि फार घाबरलो होतो. तीही घाबरली होती.

त्यामुळं तिनं अट घातली. "पंखा रातभर चालला पायजे. आन ते तुमी सांगून चालायचं न्हाई. मी सोता झोपून बघनार."

म्हणजे बॅटरी घ्यायला आईला बरोबर न्यायचं. निघायचं पुढच्या गुरुवारी, मधल्या आठवड्यात आमची पहिली शिफ्ट, आईला संध्याकाळी चालवत नाही. उरला आमच्या सुट्टीचा एकच गुरुवार. आईनं भाकरी, सुकटीची चटणी आणि ठेचा बांधून घेतला, स्ट्रेचरवर आपली उशी लावली आणि आम्ही निघालो. निघताच सिस्टरमध्ये सुकटीचा घमघमाट सुटला तो संध्याकाळपर्यंत.

पहिला थांबा पिंपरी कॅम्प. तिथं एका सिंधी शेठचं बॅटरीचं दुकान होतं. शेठ दुकानाबाहेर खुर्ची टाकून हातपंख्यानं वारा घेत बसले होते. मी आमची जुनी बॅटरी समोर ठेवली. त्यांनी वरची झाकणं उघडली, आत डोकावले आणि डोकं बाहेरच काढेनात.

"वडी साईं, इसमें पाणी कौनसा डाला?"

मी बबनकडं बघितलं. दर आठवड्याला बॅटरीत पाणी घालायचं काम त्याचं.

"नदीचं," बबन छाती काढून म्हणाला. "इंद्रायणीचं. देहूच्या घाटावरनं भरून आनतो. नळाचा एक थेंब न्हाई घातला."

"अरे भाई, बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर पाहिजे. तीर्थ नही!"

"देहूच्या पान्याहून शुद्ध काय असतंय का, शेठ?" बबनचा खरोखरच अपमान झाला होता. त्याच्या घरी बाळाला पहिलं पाणी तेच, म्हाताऱ्याला शेवटचं पाणी तेच. बॅटरीनं काय पाप केलं होतं?

शेठनी काडी घालून तळाचा गाळ वर काढून दाखवला. आई गाडीतून वाकून बघत होती. म्हणाली, "जाऊ दे बबन. बॅटरीला मोक्ष मिळाला."

मग शेठनी ट्रकच्या नव्या बॅटऱ्या दाखवल्या. काळ्या, चकचकीत, उचलताना कंबर मोडेल अशा. एक पसंत केली. मी म्हणालो, आता पंखा लावून बघू. शेठ हसले. नवी बॅटरी कोरडी येते, आत ॲसिड भरून दीड-दोन दिवस चार्जिंगला लावावी लागते, मग ती कामाची.

"मग लावा की चार्जिंगला," मी म्हणालो.

"आज?" शेठनी हातपंखा माझ्यासमोर हलवला. "आज वार कौनसा है?"

आता हे बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी, कारण गुरुवारी वीज बंद. कारखाने बंद, चक्की बंद, वेल्डिंग बंद. वर्षानुवर्षं गुरुवारी सुट्टी घेऊन आमच्या डोक्यात एवढंच राहिलं होतं की गुरुवार म्हणजे दाढी, मटण आणि लग्नाची बोलणी. सुट्टी का मिळते हेच विसरून, नेमक्या वीज नसलेल्या दिवशी बॅटरी चार्ज करायला निघालेले आम्ही दोन फिटर, आणि आमचं दोघांचं मिळून बरंच शिक्षण झालेलं.

"शनवारी घेऊन जा," शेठ म्हणाले. पण झोपून बघितल्याशिवाय बॅटरी घ्यायला आई तयार नव्हती. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "लाइट कुठं हाय ते बोला." शेठ म्हणाले, देहूरोडला असेल, कॅन्टोन्मेंटची लाइन वेगळी. तेवढ्यावर आम्ही उठलो.

पिंपरीहून देहूरोड म्हणजे मुंबईचा हमरस्ता, चिंचवड, आकुर्डी, निगडी करत सरळ. तेव्हा निगडीच्या पुढं माळरान होतं आणि वाटेत एक बैल आडवा आला तरी ट्रॅफिक म्हणायचे. रस्ता चांगला, सिस्टरचं पेट्रोल पिणं वाईट. तिला उतारावरसुद्धा तहान लागायची.

देहूरोडला ज्यानं आम्हाला सिस्टर विकली त्याच भंगारवाल्या चाचाकडं गेलो. आम्हाला बघून तो आधी दचकला, त्याला वाटलं गाडी परत करायला आलो. बॅटरी म्हटल्यावर खुलला. "मिलिट्री माल है. बॉर्डरवर चाललेला," असं म्हणत त्यानं एक हिरवी बॅटरी काढली. चार्ज केलेलीच होती. मी तारा जोडल्या, पंखा सुरू झाला, आई उशीला टेकून डोळे मिटून बसली. आम्ही समोरच्या हॉटेलात गेलो. लष्करी वस्तीमुळं तिथं चहा घोटीव, बनपाव ताजा आणि मालक शिस्तीचा. पैसे आधी घ्यायचा.

कपातला चहा अजून अर्धा होता, तेवढ्यात पंख्याचा आवाज बारीक झाला. मग पाती मोजता येऊ लागली. मग पंखाच राहिला आणि वारा गेला.

आतून आईचा आवाज आला. "काय रं परभाकर, आलं व्हय नागपूर?"

चाचा म्हणाला, "मौसी, बॅटरी फर्स्ट क्लास है, थोडी थकी हुई है."

"थकलेली न्हाई बाबा, पेन्शनीत निघालीया," आई म्हणाली. "तिला घरी बसू दे. तिचं वय झालं."

चाचा मनमोकळा माणूस. त्यानंच हसून सांगितलं, रात्रभर चालणारी बॅटरी हवी तर गाड्यांच्या बाजारात नका फिरू, लाउडस्पीकरवाल्याकडं जा. वरातीत पहाटेपर्यंत कोकलतो तो कशाच्या जोरावर? बबननं कपाळावर हात मारला. "आमच्या चाकनलाच हाय की एक. त्येच्यामुळं लग्नसराईत आमची गुरं झोपत न्हाईत."

देहूरोडहून तळेगाव आणि तिथून इंदोरीवरून चाकण, असा आमचा रस्ता. आता हा रस्ता करणाऱ्यांनी घरून डबा, पाणी आणि भरपूर सहनशक्ती घेऊन निघावं, कारण कंटेनरच्या मागं उभं राहण्यात अर्धा दिवस जातो. तेव्हा कंटेनर नव्हते, फक्त खड्डे होते. सिस्टरची भांडी वाजत होती, आई एका हातानं पंखा आणि दुसऱ्या हातानं डबा धरून होती. इंदोरीला इंद्रायणीचा पूल आला तशी तिनं मागून विचारलं, "बबन, थांबायचं का? पानी भरून घेतोस?" बबननं चाकणपर्यंत मान खिडकीबाहेर ठेवली.

चाकणला कांद्याचा वास आधी येतो आणि गाव नंतर. बाजाराच्या मागं गुरांच्या एका जुन्या वाडग्यात नामदेवरावांची साउंड सर्व्हिस होती. पत्र्याची शेड, कर्ण्यांचे ढीग, आणि मधोमध खुर्चीत स्वतः नामदेवराव, हातात माइक, खुर्चीखाली त्याची छोटी बॅटरी. हा माणूस माइकशिवाय बोलतच नसे. समोर दोन हातांवर बसलेल्याशी बोलायलासुद्धा माइक.

"हॅलो, हॅलो. कोन आलंय? बबनराव का? या. पाव्हनं कोन म्हनायचं?"

मी काम सांगितलं. पिंपरीच्या शेठची ट्रकची बॅटरी सांगितली, देहूरोडची सांगितली. नामदेवराव अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं हसले.

"ट्रकची बॅटरी म्हंजे कुस्तीचा पैलवान, राव! एक हिसका दिला, इंजान चालू केलं, की बसला दूध पीत. तुमाला रातभर पंखा फिरवायचा हाय. त्याला मोटेचा बैल पायजे. जोर कमी, पर थांबायचा न्हाई." मग त्यांनी शेडमधल्या दोन बॅटऱ्यांवर थाप मारली. "ह्या बघा. आत साध्या पट्ट्या न्हाईत, नळ्या हायेत जाड. ट्यूबलर म्हनत्यात. पंचक्रोशीत असला माल फक्त नामदेवकडं."

माणूस फुशारकी मारणारा, पण ते खरं होतं. भाच्या, एवढं एक लिहून ठेव: गाडी चालू करायची बॅटरी वेगळी आणि घर चालवायची वेगळी. बाकी नुसते लेबलांचे रंग.

मी म्हणालो, "देता का या दोन?"

"न्हाई," नामदेवराव माइकमध्येच म्हणाले. "पुढल्या आठवड्यात नवरात्र. लाइट गेली की देवीचा मांडव ह्याच्यावर चालतोय. जनरेटर हाय, पर पावसाळ्यात जाम झालाय. दोन मेकॅनिक बघून गेले, दोघांनी हात टेकले."

बबननं माझ्याकडं बघितलं, मी बबनकडं. कोपऱ्यात गोणपाटाखाली एक जनरेटर होता. आम्ही गोणपाट काढलं. दोरी ओढून सुरू करायचा साधा जनरेटर, पण दोरी हलत नव्हती.

बोलणं पटकन झालं. जनरेटर चालू करून दिला तर दोन्ही बॅटऱ्या आमच्या, आईच्या पसंतीला उतरल्या तर. नाही उतरल्या तर जनरेटर फुकट. सौदा कसा आहे हे नामदेवरावांनी माइकवरून बाजाराला सांगितलं.

आम्ही दोन्ही बॅटऱ्या सिस्टरमध्ये चढवल्या, एकमेकींना जोडल्या आणि पंखा लावला. शेडच्या सावलीत गाडी उभी केली, मागची दारं उघडी ठेवली. झाडाखाली बसून सगळ्यांनी भाकरी-चटणी खाल्ली. नामदेवरावांनी कांदा फोडून दिला आणि सुकटीची चटणी तीनदा मागून घेतली. मग आई उशीला टेकली. ती टेकताना मला हळूच म्हणाली, "परभाकर, ह्या बी थांबल्या तर ऱ्हाऊ दे रं. परमुलखात जीव घाबरा झाला तर तुमी काय करनार? मला न्हाई तुमाला ताप द्यायचा." थट्टा नाही, टोमणा नाही. मी पान्ह्यांची पिशवी उचलून शेडमध्ये आलो.

जनरेटरचं दुखणं असं होतं की पावसाळ्यात आत ओल जाऊन पिस्टन गंजून चिकटला होता. प्लग काढला, आत रॉकेल ओतलं आणि ते मुरू दिलं. घाई करून पहार घातली तर सगळंच मोडतं. आधीच्या मेकॅनिकांनी बहुतेक तेच करून बघितलं होतं. तोवर बबननं कार्ब्युरेटर उघडून साफ केला. त्यात गांधीलमाशीनं मातीचं घर केलं होतं. रॉकेल मुरलं, आम्ही चाक हातानं मागंपुढं डुलवत राहिलो आणि अखेर पिस्टन सुटला. प्लग घासला, पेट्रोल भरलं. बबननं दोरी गुंडाळली आणि ओढणार तेवढ्यात मी त्याचा हात धरला.

सिस्टरमधून घोरण्याचा आवाज येत होता.

आता पंचाईत. जनरेटर सुरू झाला तर अख्खं चाकण जागं होणार, आई तर होणारच. आणि आई आवाजानं जागी झाली तर परीक्षा फुकट. ती पंखा थांबल्यामुळं उठते की आपणहून उठते, हेच तर बघायचं होतं. मी नामदेवरावांना खुणेनं सांगितलं, आई झोपलीय. त्या माणसानं माइक बंद केला, बाजूला ठेवला आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "झोपू द्या, झोपू द्या." बबन म्हणाला, नामदेवरावांचा खरा आवाज त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला.

आम्ही तिघं जनरेटरभोवती बसून राहिलो, बबनच्या हातात दोरी तशीच. एक गिऱ्हाईक आलं, त्याला नामदेवरावांनी हातवारे करून घालवलं. ऊन शेडमधून सरकत भिंतीवर गेलं. मी दोनदा चवड्यांवर जाऊन बघून आलो. पंखा लावला तेव्हाच्याच जोरात फिरत होता. आईची मान उशीवर कलंडली होती, तोंड उघडं, हात मोकळे सोडलेले. नेहमी झोपेतही तिची एक मूठ पदराला घट्ट धरलेली असायची. तिला अशी सैल झोपलेली मी कधीच पाहिली नव्हती. मला तिथंच बसून राहावंसं वाटलं.

गुरं घरी परतायच्या वेळी ती उठली. आधी पंख्याकडं बघितलं, मग आमच्याकडं.

"चालूच हाय व्हय?"

"चालूच हाय," बबन म्हणाला.

"मग तुमी तिघं दोरी धरून काय बसलाय? कुनाला बांधायचंय का?"

बबननं दोरी ओढली. एकदा ओढली, धूर आला. पुन्हा ओढली आणि जनरेटरनं असा दणका दिला की वाडग्यातल्या कोंबड्या पत्र्यावर चढल्या. नामदेवरावांनी झडप घालून माइक घेतला आणि चाकणच्या समस्त नागरिकांना कळवलं की नवरात्रात आवाज कमी पडणार नाही आणि मावशी नागपूरला चालल्या आहेत.

मोशी, भोसरीवरून पिंपरीला परत आलो तेव्हा सगळीकडं अंधार होता. गुरुवार संपायचा होता ना. चाळीत फक्त सिस्टरमध्ये दिवा होता. शेजारणी येऊन पंख्याखाली बसून गेल्या.

पुढच्या गुरुवारी आम्ही निघालो. नागपूरचा सगळा रस्ता इथं सांगत नाही; ज्यांना डांबर आवडतं त्यांनी स्वतः जावं. पहिल्या मुक्कामानंतर सकाळी मी आईला विचारलं, झोप लागली का? म्हणाली, "कशाची झोप? पंखा थांबतोय का म्हनून रातभर बघत बसले. चाललाय मेला." दुसऱ्या मुक्कामापासून मात्र झोपली. दीक्षाभूमीवर गर्दीत तिला बसायला जागा केली. ती बराच वेळ जमिनीवर हात टेकून बसून राहिली. उठताना एवढंच म्हणाली, "तुजा बाप बराबर सांगत हुता."

त्या बॅटऱ्या पुढं बरीच वर्षं चालल्या. बबन बाटलीतलं विकतचं पाणी घालायचा, नाक मुरडून. सिस्टर शेवटी चाचाकडंच परत गेली. चाचा रडल्यासारखं करून स्वस्तात घेऊन गेला.

तर भाच्या, बॅटरी कुठली घ्यायची? कंपनीचं नाव मला विचारू नकोस. रात्री जिला तिची गरज पडणार आहे, तिला दुपारी त्या बॅटरीजवळ झोपव आणि तू दोरी धरून गप्प बस. याच्याहून चांगली परीक्षा अजून निघालेली नाही.

घरी आल्यावर माझ्या एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. आई मला टोमणा मारेना. दिवाळी गेली, माझ्या हातून दुधाचं पातेलं सांडलं, पगारवाढ मिळाली, तरी नाही. मला त्या वाक्याची जन्मापासून सवय होती, चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. शेवटी एकदा जेवताना मीच विषय काढला. म्हणालो, "आई, छप्पन साली माझ्यामुळं राहिलं ना गं तुझं?"

तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि नवल वाटल्यासारखं बघितलं.

"राह्यलं कुठं?" म्हणाली. "जाऊन आले की मी."